दूरचे लग्न आणि घरचे प्रीतिभोजन

आपल्या मंडळ्यांतून अलीकडे एक नवा प्रसंग वारंवार येऊ लागला आहे आणि त्याचे रीतिरिवाज अजून पक्के झालेले नाहीत. पूर्वी नगरचा मुलगा व जालन्याची मुलगी, किंवा मिरजेची मुलगी व कोल्हापूरचा मुलगा, असे विवाह होत. वऱ्हाड एका मोटारीत मावत असे. लग्न लागल्यावर त्याच मांडवात प्रीतिभोजन होई आणि दिवेलागणीच्या सुमारास मंडळी आपापल्या घरी परतत. आज आपली मुले बंगळूर, हैदराबाद, दिल्ली येथे नोकरीस आहेत, काही परदेशी आहेत. आणि इंदूर-बडोद्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ख्रिस्ती घराण्यांची मुले तर आधीच दूर आहेत. त्यांचे विवाह केरळात, तमिळनाडूत, शिलाँगला, कधी समुद्रापलीकडे होतात. लग्न तिकडे लागते आणि पंधरा दिवस-महिन्याने घरच्या गावी स्वागत समारंभ ठेवला जातो. पत्रिका कशी लिहावी, कोणास बोलवावे, आहेर घ्यावा की न घ्यावा, पाळकसाहेबांनी वधू-वरांकडून पुन्हा वचने म्हणवून घ्यावीत की काय, असे प्रश्न मग घरोघर निघतात.

वाचकहो, हे शिष्टाचाराचे किरकोळ प्रश्न आहेत असे समजून आपण ते बहुधा केटरर आणि छायाचित्रकार यांच्या हवाली करतो. मला ते नीतीचे प्रश्न वाटतात. अशा समारंभात कोणाचा तरी मान राखला जातो आणि कोणाचा तरी जातो. आणि तो बहुधा अशा माणसाचा जातो, जो घरी गेल्यावरही तक्रार करीत नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. भाषांतराचे काम करणाऱ्यास ही खोड असते, ती आपण क्षमा करून घ्यावी. लूककृत शुभवर्तमानात दोन ठिकाणी 'दोखे' असा ग्रीक शब्द आला आहे. एकदा लेवी नावाच्या जकातदाराने आपल्या घरी प्रभूसाठी जे मोठे जेवण केले त्याच्या वर्णनात (५:२९), आणि दुसऱ्यांदा, जेवणास कोणास बोलवावे याविषयी प्रभूने एका परूश्याच्या घरी जे सांगितले त्यात (१४:१३). नव्या करारात इतरत्र तो कोठेही नाही. मराठीत आपण त्यासाठी 'मेजवानी' म्हणतो आणि ते चुकीचे नाही. पण 'दोखे' हा शब्द 'देखोमाई' या क्रियापदापासून आला आहे आणि त्या क्रियापदाचा अर्थ आहे स्वीकारणे, घरात घेणे. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने जेवण दिले (उत्पत्ती २१:८). तेथे मूळ इब्री शब्द 'पिणे' या धातूपासून झालेला आहे, आणि जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी त्याच्या जागी 'दोखे' घातला. पिण्याच्या ठिकाणी त्यांनी स्वीकार आणून बसवला. आपण ज्याला आज इंग्रजीच्या वळणाने 'रिसेप्शन' म्हणतो त्याच्या पोटातही, लॅटिनमार्गे, हाच अर्थ आहे. तेव्हा ज्या समारंभात कोणाचाही स्वीकार झाला नाही, केवळ जेवण झाले, त्याला हे नाव शोभत नाही.

दूरच्या लग्नाची पवित्र शास्त्रात उदाहरणे आहेत. याकोबाचे लग्न हारानात लागले, तेथे सात दिवसांचा सोहळाही झाला, आणि त्याचे आईबाप दूर कनान देशात राहिले. पुढे कित्येक वर्षांनी तो बायकामुलांसह परत आला तेव्हा इसहाकाची भेट झाल्याचे आपण वाचतो. रिबकेने आपल्या सुना पाहिल्या की नाही याविषयी शास्त्र मौन आहे. आईवाचून झालेल्या लग्नाची ही खंत ज्या घराने अनुभवली असेल त्या घरास त्या मौनाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

परंतु आपल्या विषयाशी अगदी जुळणारी कथा तोबीताच्या पुस्तकात आहे. कॅथोलिक वाचकांच्या पवित्र शास्त्रात ते आहेच. प्रॉटेस्टंट वाचकांनी ते प्रमाणग्रंथ म्हणून न वाचता जुन्या यहुदी भक्तिजीवनाचे चित्र म्हणून वाचावे. वाचू मात्र अवश्य. कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ साली जे लेख सापडले त्यांत या पुस्तकाच्या पाच हस्तलिखितांचे तुकडे आहेत, चार अरामी आणि एक इब्री, त्यावरून ते किती आवडीने वाचले जात होते हे दिसते. निनवे येथे पाडावपणात राहणारा आंधळा तोबीत आपला मुलगा तोबियास यास मेदी देशात ठेवलेले पैसे आणण्यास पाठवतो. वाटेत एकबाताना येथे रगुएल या आप्ताच्या घरी तोबियासाचे लग्न ठरते. रगुएल गुंडाळी मागवून विवाहाचा करार लिहितो, आणि नंतर रिवाजाच्या दुप्पट, म्हणजे चौदा दिवस, भोजनाचा सोहळा करतो. इकडे निनवेत आईबाप दिवस मोजत आहेत. मुलगा मेला असे समजून आई रोज रस्त्याकडे जाऊन वाट पाहते आणि तिच्या घशाखाली घास उतरत नाही. एका घरी पंगती उठत होत्या त्याच वेळी दुसऱ्या घरी चूल थंड होती. दूरच्या लग्नाचे हे दुसरे अंग त्या प्राचीन लेखकाने लपवलेले नाही.

मग मुलगा सुनेसह येतो. म्हातारा तोबीत, ज्याला नुकतीच दृष्टी परत मिळाली आहे, कोणाच्या हाताचा आधार न घेता सुनेस भेटावयास निनवेच्या वेशीपर्यंत चालत जातो. तिला तो मुलगी म्हणून हाक मारतो, आशीर्वाद देतो, आणि तिच्या आईबापांसाठीही देवाचे आभार मानतो. त्या दिवशी निनवेतील सर्व यहुद्यांना आनंद होतो आणि तेथे पुन्हा सात दिवस भोजन चालते. करार एकदाच, एकबातानात, भोजन दोनदा.

आपल्याकडील पहिल्या वादाचे उत्तर मला येथे सापडते. काही ठिकाणी स्वागत समारंभात वधू-वरांना पुन्हा वेदीपुढे उभे करून वचने म्हणवून घेण्याचा आग्रह होतो. 'आमच्या लोकांनी लग्न पाहिलेच नाही' हे त्याचे कारण सांगितले जाते. भावना मला कळते. पण विवाहाचे वचन हे पाहणाऱ्यांसाठी नसते. ते देवापुढे आणि साक्षीदारांपुढे एकदा दिले, मंडळीच्या नोंदवहीत सह्या झाल्या, की ते पूर्ण असते. ते पुन्हा देवविणे म्हणजे पहिले कमी पडले असे सुचविणे, किंवा मग दुसऱ्या वेळी जे चालले आहे ते नाटक आहे असे कबूल करणे होय. ज्या प्रभूने आपले 'होय' हे होयच असू द्या असे शिकवले (मत्तय ५:३७), त्याच्या मंडळीत छायाचित्रासाठी 'होय' म्हणू नये. आभाराची उपासना जरूर व्हावी, पाळकांनी वा धर्मगुरूंनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, शास्त्रपाठ व्हावा, गीते गावीत. आशीर्वाद कितीही वेळा मागता येतो. पत्रिकेतही 'विवाह' न लिहिता, अमुक तारखेस अमुक मंडळीत विवाह झाला असून त्यानिमित्त आभाराची प्रार्थना व प्रीतिभोजन आहे, असे सरळ लिहावे. लग्नाचाच पोशाख पुन्हा घालावा की नाही यावर काही वडीलधारी मंडळी फार खल करतात. त्याला मी महत्त्व देत नाही. मुलीला आवडत असेल तर घालावा.

आता निमंत्रणाविषयी. येथे अधिक सावध असावयास हवे. नगरहून कोट्टयमपर्यंतचा आगगाडीचा प्रवास एका दिवसात आटोपत नाही. जाणे-येणे, राहणे आणि बुडालेली मजुरी धरली तर खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून दूरच्या लग्नास कोण गेले याची यादी बहुधा कोणाच्या खिशात पैसे होते याची यादी असते. हे यजमानाने स्वतःशी मान्य करावे. मग स्वागत समारंभ कोणासाठी आहे हे आपोआप ठरते: जे जाऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी. मुलाला शब्बाथशाळेत ज्यांनी वचने पाठ करून घेतली त्या निवृत्त शिक्षिका, आजारपणात रात्र जागून काढणारी शेजारीण (ती ख्रिस्ती असो वा नसो), मंडळीचा घंटा वाजवणारा, आजोळची म्हातारी माणसे. प्रत्यक्षात काय होते? पहिल्या रांगेतील खुर्च्या कार्यालयातील साहेब, नगरसेवक आणि आधीच केरळात जाऊन आलेले नातेवाईक यांच्यासाठी राखलेल्या असतात आणि ही मंडळी भिंतीला टेकून उभी असतात. याकोबाच्या पत्रातील सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य (२:२) आपण उपदेशात ऐकतो, मांडवात मात्र तो ओळखू येत नाही.

त्या परूश्याच्या घरी प्रभूने सांगितले की मित्र, भाऊ, नातलग आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. हे शब्दशः घ्यावयाचे तर मुलाच्या मामालाही बोलावता येणार नाही! इब्री आणि अरामी बोलण्याची ही एक ढब आहे. एका गोष्टीचे महत्त्व सांगताना दुसरीचा नकारच केला जातो. होशेयाच्या पुस्तकात यज्ञ नको, दया हवी असे म्हटले आहे (६:६), तेही असेच. प्रभू स्वतः काना गावी आपल्या आईसह लग्नास गेला होता. तेव्हा मामा येऊ द्यावा. पण यादी कोणापासून सुरू करावी हा प्रश्न या सूचनेने कायमचा सोडवला आहे. तोबीताचेही तेच. पेंटेकॉस्टच्या दिवशी ताट वाढून समोर आले असता, बांधवांपैकी कोणी गरीब दिसला तर त्याला घेऊन ये, तू येईपर्यंत मी थांबतो, असे सांगून तो मुलाला बाहेर पाठवतो. आधी मनुष्य, मग घास.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्यांना लग्नाचे निमंत्रण नव्हते आणि स्वागताचे आहे, त्यांच्या मनात 'आपण दुसऱ्या पंगतीचे' हा सल असतो. तो नाकारून जात नाही. घरी जाऊन तोंडाने सांगावे: तिकडच्या मंडळीत जागा थोडी होती, खर्च झेपणारा नव्हता, म्हणून अकराच जण गेलो, तुमच्यावाचून चुकल्यासारखे झाले. खरे कारण सांगितले की माणसे समजून घेतात. छापील पत्रिका पोस्टाने आली की घेत नाहीत. आणि मोठ्या पडद्यावर तिकडच्या लग्नाचे चित्रीकरण तासभर दाखवण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याबद्दल यजमानांनी फेरविचार करावा. भुकेल्या माणसाला दुसऱ्याच्या जेवणाची चित्रे दाखवू नयेत.

आहेराचा प्रश्न नाजूक आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना काही सत्य आहे. लूक १४:१२ मध्ये 'अंतापोदोमा' असा शब्द आहे, म्हणजे परतफेड. बोलावलेल्यांनी उलट बोलावले की फेड झाली, असे प्रभू म्हणतो. आपल्या घरांत आहेराची वही असते. कोणी एकशेएक दिले, कोणी पाचशेएक, कोणी पातळ दिले, ते तीत लिहिलेले असते आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की ती वही काढून पाहिली जाते. हीच परतफेड असे म्हणून काही उपदेशक ती वही जाळावयास सांगतात. मला ते घाईचे वाटते. हातावर पोट असलेल्या कुटुंबांत ही वही म्हणजे एक अलिखित पतपेढी असते. मुलीच्या लग्नात सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून गावाने एकमेकांना दिलेला तो हात असतो. पगारदार माणसाने तिला हसू नये. पण हेही खरे की त्या वहीची धास्ती घेऊन किती तरी माणसे समारंभाला येतच नाहीत. पाकिटात घालावयास काही नाही म्हणून घरात आजाऱ्याचे निमित्त सांगतात.

म्हणून माझे मत असे: दूरच्या लग्नानंतरच्या स्वागतात, यजमान सुस्थितीत असेल तर, आहेर घेऊ नये, आणि न घेण्याचा शब्द पाळावा. पत्रिकेत 'आशीर्वाद हाच आहेर' छापून मांडवाच्या दाराशी पाकिटांसाठी सजवलेली पेटी ठेवणे हे असत्य आहे, मग ते कितीही सुंदर अक्षरांत छापलेले असो. यजमानच गरीब असेल तर त्याने आहेर घ्यावा, संकोच करू नये. आणि एखाद्या आजीने सांगूनही कनवटीची पन्नासाची नोट नवरीच्या हातात कोंबलीच, तर ती परत करू नये. दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला प्रभूने अडवले नव्हते. कर्ज काढून समारंभ करू नये हे मात्र कोणत्याही यजमानास लागू आहे. चहा, केक आणि प्रार्थना यांनीही स्वीकार होतो.

आता ज्या व्यक्तीच्या नावाने हा सगळा खटाटोप असतो आणि जिचा विचार सर्वांत शेवटी होतो, तिच्याकडे वळू. समजा ती सिरियन ख्रिस्ती घराण्यातील मलयाळी मुलगी आहे. तिच्याकडे लग्नात वराकडून मंत्रकोडी नावाचे वस्त्र दिले जाते. त्यातून काढलेल्या सात धाग्यांच्या दोऱ्यात मिन्नू ओवून वर तो वधूच्या गळ्यात बांधतो. इकडे आल्यावर कोणीतरी आत्याबाई विचारतात, 'अगं, मंगळसूत्र कुठंय हिचं?' आणि ती बिचारी न कळलेल्या प्रश्नाला हसून मान डोलावते. उंच व्यासपीठावरील लाल खुर्चीत तिला तीन तास बसवले जाते. चारशे अनोळखी माणसे तिच्या शेजारी उभी राहून छायाचित्र काढून जातात. तिला एकही नाव लक्षात राहत नाही, आणि तिचेही नाव पुष्कळांना उच्चारता येत नाही. याला स्वीकार म्हणावे काय?

शास्त्रात आतिथ्यासाठी जो 'फिलोक्सेनिया' शब्द आहे (रोम १२:१३, इब्री १३:२) त्याचा अक्षरशः अर्थ परक्यावरची प्रीती असा होतो. आपण बहुधा आपल्याच माणसांचे आतिथ्य करतो आणि त्यावर हे वचन लावतो. त्या दिवशी मांडवात खरोखर परकी अशी व्यक्ती एकच असते, आणि ती नवरी. तिला व्यासपीठावरून खाली उतरवून सासूने हात धरून पंगतीतून फिरवावे. ही कोण, ही कोण, हे सांगावे. मंत्रकोडी नेसून आली असेल तर त्या वस्त्राचा अर्थ पाळकांनी दोन वाक्यांत मंडळीस सांगावा. एक गीत तिच्या भाषेत व्हावे. आपल्या शहरांत मलयाळी ख्रिस्ती कुटुंब बहुधा सापडते, त्यांना बोलवावे. भाषणे मराठीत होणारच, तेव्हा तिच्या शेजारी बसून हळू आवाजात अर्थ सांगणारे कोणी नेमावे. भाषांतरकाराचे काम इतके थोर मला दुसरीकडे क्वचितच वाटले आहे. तिचे आईवडील येऊ शकत असतील तर त्यांना मुलाच्या आईबापांच्या बरोबरीने बसवावे.

'दूर' हा शब्द मी आतापर्यंत मैलांच्या हिशेबाने वापरला. पण काही लग्ने यासाठी दूर लागतात की घराचे दार त्यांना बंद होते. मुलगी दुसऱ्या पंथाची, किंवा दुसऱ्या जातीतून ख्रिस्ती झालेल्या घराची. जात आपण वेशीबाहेर ठेवून आलो असे आपण म्हणतो; सोयरीक जुळवताना ती मागील दाराने आत आलेली आढळते. वर्ष-दोन वर्षांनी बापाचे मन वळते आणि स्वागत समारंभ ठरतो. असा समारंभ सर्वांत अवघड, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. तेथे काही पथ्ये पाळावी लागतात. मुलांकडून चारचौघांत क्षमा मागवून घेऊ नये. बापानेही ध्वनिक्षेपकावर आपल्या मोठ्या मनाची कथा सांगू नये. लूकच्या पंधराव्या अध्यायातील पित्याने मुलाचे पाठ केलेले भाषण पुरे होऊ दिले नाही, मधेच झगा आणि जोडे मागवले. त्याच पित्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. थोरला मुलगा रागावून आत येईना तेव्हा भरल्या मेजवानीतून उठून तो बाहेर गेला. प्रत्येक अशा समारंभात कोणीतरी बाहेर उभा असतो: चुलता, थोरली बहीण, कधी आजी. 'यायचे तर येतील' असे म्हणून यजमान पाहुण्यांत रमतो. त्याने समारंभाच्या आधल्या दिवशी त्या घरी जावे. आदल्या वर्षांचा हिशेब काढू नये; उद्या प्रार्थना आहे, तुमच्यावाचून सुरू करणार नाही, एवढे बोलावे. ते न आले तरी एक खुर्ची ठेवावी. कथेतील थोरला मुलगा शेवटी आत आला की नाही हे लूक सांगत नाही, आणि पित्याने आत जाऊन मेजवानी बंद केल्याचेही सांगत नाही.

भोजन संपल्यावरची कामे उरतात. तोबीताच्या पुस्तकात सोहळा संपताच बापाचे पहिले बोलणे काय आहे, तर तुझ्याबरोबर जो मनुष्य आला त्याची मजुरी दे, आणि ठरल्याहून अधिक दे. तो मनुष्य देवदूत आहे हे त्याला अजून ठाऊक नाही; तो त्याला मजूरच समजतो आहे. काना येथेही द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळले नव्हते. पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होते. आपल्याकडे आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया आणि मांडव उतरवणारी पोरे रात्री बारापर्यंत ताटकळतात, आणि 'उद्या या, हिशेब करू' असे त्यांना सांगितले जाते. त्यांना गरम अन्न आधी बाजूला काढून ठेवावे आणि पैसे त्याच रात्री द्यावेत. उरलेले जेवण वसतिगृहास वा वृद्धाश्रमास पाठवावयाचे असेल तर ते आधी विचारून ठेवावे. रात्री साडेअकराला आंबू लागलेला भात दारात नेणे म्हणजे दान नव्हे.

आणि दिवे मालवण्यापूर्वी सुनेला म्हणावे, आईला फोन लाव. तिकडे कोट्टयमला ती जागीच असेल. आधी मुलीने आपल्या भाषेत मनसोक्त बोलावे, घाई करू नये. मग फोन सासूने घ्यावा आणि जी भाषा दोघींना थोडीफार येते तीत, मोडकीतोडकी का होईना, मुलगी जेवली की नाही तेवढे तिच्या आईला सांगावे.